पिवळ्या डबीचं सुतक

“सूर्याला जाहिरात लागत नाही!” नरहरीअण्णा शेटे गादीवरून गरजले आणि त्यांनी तक्क्यावर मूठ आपटली.

श्रावणातली झड लागली होती. सूर्य चार दिवसांत कोणी पाहिला नव्हता. परटानं अण्णांचं धोतर ‘वाळतच नाही हो’ म्हणून दमटच आणून दिलं होतं, आणि ते दमट धोतर नेसूनच अण्णा सूर्याविषयी बोलत होते. मी मान डोलावली. ज्याच्याकडे आपण नोकरी करतो त्याचा सूर्य आपल्याला ढगातूनही दिसावा लागतो.

“मग भोंगा?” मी विचारलं.

“बंद.”

“टॉकीजमधली स्लाइड?”

“बंद. मध्यंतरात लोक भजी खायला बाहेर जातात. खुर्च्यांना हिंग विकायचाय का आपल्याला?”

“भिंती?”

“आहेत त्या राहू देत. नवीन रंगवायच्या नाहीत.”

“आणि मी?”

अण्णा पहिल्यांदाच थांबले. हा एक खर्च त्यांच्या नजरेतून सुटला होता.

ही गोष्ट पंचेचाळीस-एक वर्षांपूर्वीची. सातारा जिल्ह्यातल्या मांडवपेठेत शेटे हिंगाचं दुकान होतं. पुढे दुकान, मधल्या खोलीत हिंग कुटायचा आणि डब्या भरायच्या, मागे राहतं घर. पिवळी डबी आणि तिच्यावर फेटा बांधलेल्या अण्णांचा फोटो. अण्णांनी आयुष्यात फेटा त्या फोटोपुरताच बांधला होता, एरवी टोपी. पण आसपासच्या गावांत डबी नाही असं घर नव्हतं. सासरी जाणाऱ्या मुलीच्या फडताळात बाकी काय असेल ते असो, कोपऱ्यात अण्णा असायचेच.

त्यांच्याकडे जाहिरात खातं होतं. म्हणजे मी होतो. एक टेबल, एक पत्र्याचा भोंगा, आणि दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी दस्तगीरचा टांगा. टांग्यात मागे तोंड करून मी बसायचो आणि गावभर ओरडायचो, “वरण असो वा आमटी, शेटे हिंग एक चिमटी!” ही ओळ माझी. ती सुचली त्या दिवसापासून अण्णा मला ‘कवी’ म्हणायला लागले. पगार मात्र त्यांनी गद्यातच ठेवला.

भोंगा बंद करण्याचं कारण कोल्हापुरातलं एक लग्न. तिथं पंगतीत एका परक्या माणसानं अण्णांकडे बोट दाखवून म्हटलं होतं, “अहो, तुम्ही डबीवरचे ना?” अण्णा जिलबी हातात धरून तसेच बसून राहिले. परत आले ते सूर्य होऊनच.

“ज्याला अख्खा मुलूख ओळखतो,” अण्णा म्हणाले, “त्यानं दर गुरुवारी ‘मी आहे, मी आहे’ म्हणून बोंबलायचं? लोक काय म्हणतील? ह्याचा खप पडला म्हणतील!”

“पण अण्णा, ओरडतो म्हणूनच तर—”

“कवी, तू असं कर. आतल्या खोलीत डब्या भर. तुझं लग्न होईपर्यंत बघू.”

‘होईपर्यंत बघू’ हे दोन शब्द मी मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिले. कारण लग्नाचंच सगळं त्यात अडकलं होतं. मसूरच्या देशमाने गुरुजींची इंदू मला दिली होती. सुपारी फुटली होती, मार्गशीर्षातली तारीख धरली होती. त्या बैठकीत गुरुजींनी चष्मा पुसत विचारलं होतं, “नोकरी कायमची ना?” आणि खुद्द अण्णांनी उत्तर दिलं होतं, “गुरुजी, भोंगा वाजतोय तोवर कायम!” सगळे हसले होते. गुरुजी हसले नव्हते. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

माझा चेहरा ताराकाकूंनी पाहिला. काकू म्हणजे अण्णांच्या मंडळी. चहाची कपबशी घेऊन मधल्या दारात उभ्या होत्या.

“अहो, पोराचं लग्न ठरलंय,” त्या म्हणाल्या.

“मग? मी मोडतोय का?”

“तुम्ही काही मोडत नाही. तुम्ही फक्त गप्प बसायचं म्हणताय.”

“ज्याचं नाव झालं त्यानं गप्पच बसावं. शोभतं.” अण्णांनी बशीतला चहा संपवला, उठले, आणि मधल्या दाराशी जाऊन खाकरले.

हे खाकरणं सांगायला हवं. अण्णा दुकानातून घरात पाऊल टाकण्यापूर्वी मधल्या दाराशी थांबून खाकरायचे. जुन्या वळणाची माणसं खाकरतातच, घरात बायका असतात, कळावं म्हणून. पण अण्णांचं खाकरणं म्हणजे राजवाड्यातला चोपदार होता. समोरच्या सोनाराच्या ओट्यावर बसलेली मांजरं पळायची. आणि ते ऐकलं की आत काकू फोडणी टाकायच्या. खाकरणं आणि चर्र, खाकरणं आणि चर्र. आम्ही डब्या भरणारे त्यावर जेवायची सुट्टी धरायचो. आणि त्या दिवशी, काकू दारातच उभ्या असताना, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून, अण्णा खाकरले आणि मग आत गेले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि रिकामी कपबशी उचलून त्या मागोमाग गेल्या.

पहिल्या गुरुवारी भोंगा निघाला नाही. कोणी काही म्हणालं नाही. अण्णा दिवसभर गादीवर विजयी मुद्रेनं बसले. “बघितलंस? गिऱ्हाईक तेवढंच आहे.”

दुसऱ्या गुरुवारी दस्तगीर आला. पेंढ्या भरलेला टांगा दुकानासमोर उभा.

“भाडं कुठलं रे?” मी विचारलं.

“पेंढीचं. पर मालक, ह्ये घोडं ऐकंना. तुमच्या दारात आलं की थांबतंय. मारलं तरी हालत न्हाई. तेवढं एकदा वराडा की, म्हंजी जाईल फुडं.”

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पाहिलंच नाही. शेवटी मी पायरी उतरून घोड्याच्या कानात हळूच म्हटलं, “वरण असो वा आमटी…” घोडं चालू लागलं. त्या महिन्यातली ती आमची एकमेव जाहिरात.

मग अण्णांचा घसा बसला. दमट धोतरानं डाव साधला, असं काकूंचं मत. आवाज असा गेला की ‘पाणी’ म्हणायचे तर नुसती हवा यायची. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आणि दुकानात उतरायचीही. गादी रिकामी पडली. त्यात पावसाची झड तिरपी यायची, डब्या भिजायच्या, म्हणून मी दुकानाच्या फळ्या अर्ध्याच काढून बसायचो. आत अण्णा स्वयंपाकघरात शिरले की काकू दचकायच्या. “अहो, किती वेळा सांगू? खाकरता येत नसेल तर टिचकी तरी वाजवा! मागं वळून बघते तर तुम्ही उभे. हातातलं उलथनं पडलं माझ्या!”

आता गावानं हे बाहेरून कसं पाहिलं ते बघा. भोंगा बंद. गादी रिकामी. फळ्या अर्ध्या. घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. आमच्या पेठेत याचा एकच अर्थ होतो, पण तो मला कळायला देशमाने गुरुजींना यावं लागलं.

तिसऱ्या गुरुवारी, दुपारी, छत्री मिटत गुरुजी आत आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी. येऊन सतरंजीच्या कडेला बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, भोंग्याचं कळलं, आता हे मोडायलाच आले.

“चहा सांगतो,” मी म्हणालो.

“नको, नको.” ते हात वर करून म्हणाले. “या घरात आज चहा कसला. कधी झालं हे?”

“परवापासून जास्त झालं.”

“आणि काय निमित्त?”

“दमट धोतर.”

गुरुजींनी मान हलवली. “निमित्ताला काहीही पुरतं हो. आमच्या मामांना पेरू पुरला.”

मामांचा आणि पेरूचा काय संबंध, हे मी विचारणार होतो, तेवढ्यात ते म्हणाले, “पुण्याला नेलं होतं आणि तिकडेच सगळं उरकलं, असं मसूरच्या स्टँडवर ऐकलं. गावाला कळवूसुद्धा नका म्हणाले म्हणे. जातानासुद्धा जाहिरात नको! केवढा संयम!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

“गुरुजी! अहो, अण्णा आहेत!”

“आहेतच,” गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अशी माणसं जात नसतात, त्रिंबकराव. ती आपल्यातच असतात.”

“तसं नाही हो. इथे, आत आहेत. पलंगावर!”

“फोटो लावलाय का? छान.”

मधलं दार किंचित हललं. फटीत मला अण्णांचा डोळा दिसला. आपल्याविषयी चाललंय म्हटल्यावर ते उठून आले होते. मी खूण केली, या बाहेर. त्यांनी बोट ओठावर ठेवलं. मरणानंतरचं कौतुक जिवंतपणी ऐकायची संधी पुन्हा कधी मिळणार?

“मोठा माणूस,” गुरुजी सुरू झाले. फटीतला डोळा मिटला. समाधानानं. “शून्यातून सगळं उभं केलं. घरोघरी नाव. आमच्याकडे तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. लाल डबी.”

डोळा उघडला.

“पिवळी,” मी म्हणालो.

“पिवळी असेल. आणि काय ते जिरं! असं जिरं पुन्हा होणे नाही.”

दाराआडून किटलीतून वाफ सुटावी तसा आवाज आला. ते ‘जिरं?’ होतं, पण घसा नव्हता.

“हिंग, गुरुजी. हिंग.”

“हां, हिंग. बघा ना, महिना झाला नाही कानावर पडून, तर…” गुरुजी स्वतःच ओशाळले. मग आवाज खाली आणून ते मुद्द्यावर आले. “त्रिंबकराव, ही वेळ नाही, पण मुलीचा बाप आहे मी. अण्णा म्हणाले होते, भोंगा वाजतोय तोवर कायम. आता भोंगाही थांबला आणि अण्णाही. इंदूची आई म्हणते, मार्गशीर्षाचं जरा पुढे ढकलू.”

पुढे ढकलू म्हणजे काय, हे लग्न ठरलेल्या कुठल्याही मुलाला सांगावं लागत नाही. मी उठलो, दार सताड उघडलं आणि म्हणालो, “अण्णा, या आता!”

अण्णा आले. गळ्याला मफलर, अंगावर घोंगडी, दाढी वाढलेली, केस पिंजारलेले. तोंड उघडून ते काहीतरी बोलत होते आणि आवाज मात्र येत नव्हता. गुरुजी छत्रीसकट भिंतीला टेकले. त्यांच्या तोंडातून रामरक्षा सुटली ती दुसऱ्या ओळीवर अडकली.

नेमक्या त्याच वेळी मागच्या दारानं पारूबाई आल्या. समोरच्या सोनाराच्या घरच्या. पदराखाली झाकलेलं पितळी पातेलं, वर फडक्यात भाकऱ्या. आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात. काकू त्यांच्या मागे मागे, “अगं पारू, ऐक तरी माझं, हे आहेत!”

“असं म्हनू नगं, ताई,” पारूबाई म्हणत होत्या. “मोकळेपणानं रडून घे. दोन दिस तू असंच म्हन्तीयास.”

“दोन दिवस ओरडून सांगतेय बाजारात, आहेत, आहेत!”

“मग आसले तर भोंगा का न्हाई वाजत?” एवढं म्हणून त्यांनी वर पाहिलं. समोर घोंगडीतले अण्णा. पारूबाई जागच्या जागी खाली बसल्या, पण पातेलं हिंदकळू दिलं नाही. बराच वेळ त्यांनी अण्णांच्या पायांकडे निरखून पाहिलं. पाय सरळ होते. मग त्या म्हणाल्या, “आता आनलंयच, तर खा.”

अण्णांनी दोन दिवस पेजेशिवाय काही घेतलं नव्हतं. ते तिथेच उंबऱ्याशी बसले. काकूंनी भाकरीवर पिठलं वाढलं. अण्णांनी घास तोंडात घातला, आणि त्यांचा जबडा थांबला.

घसा गेला होता, नाक शाबूत होतं. चाळीस वर्षं हिंगात बुडालेलं नाक.

त्यांनी घास गिळला, कष्टानं. मग पारूबाईंकडे बघून ओठ हलवले. मला ऐकू येईना, काकूंनी सांगितलं, “विचारतायत, हिंग कुणाचा?”

पारूबाईंनी पदराचं टोक चाचपलं. “मोर छापाचा.”

मोर छाप म्हणजे बसस्टँडजवळ गेल्या वर्षी सुरू झालेला. अण्णा त्याला ‘पिठाची बुकणी’ म्हणायचे. गुरुजींनी छत्री हळूच खाली ठेवली.

“दुकान उघडं होतं,” अण्णांनी हवेनंच म्हटलं. “समोर! तुझ्या दारासमोर!”

“फळ्या अर्ध्या व्हत्या की. अन् अण्णा, तुमच्याच दुःखाच्या पिठल्याला तुमच्याच दारात हिंग मागू? बरं दिसतंय का ते? वाण्याकडं गेले, त्यानं हातात मोर दिला, घेतला.”

“माझा हिंग विसरलीस तू, पारू? तुझ्या लग्नाच्या जेवणावळीला मी…”

पारूबाईंचे डोळे भरून आले. दोन दिवस मेलेल्या अण्णांसाठी राखून ठेवलेलं रडू जिवंत अण्णांवर खर्च होत होतं. “इसरले न्हाई, अण्णा. कशी इसरीन? फकस्त आठवन झाली न्हाई.”

अण्णा भाकरीकडे बघत बसले. त्यांना काही तरी म्हणायचं होतं, बहुतेक सूर्याविषयी, पण ते जमेना.

काकू त्यांच्याजवळ बसल्या. परक्यांसमोर त्या असं बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

“अहो, एक विचारू? तुम्ही मधल्या दाराशी खाकरता, ते कशासाठी?”

“तुला कळावं म्हणून.”

“मला कळतं. पावलांवरून कळतं. पावलांचं सोडा, तुम्ही चौकात असता तेव्हा हिंगाचा वास पुढे येतो. माझ्या पाठीमागे उभे राहूनसुद्धा खाकरता तुम्ही. मी आहे तिथे, तुम्ही आहात तिथे, मध्ये हातभर जागा.”

“मग? कधी बोलली नाहीस. बंद केलं असतं.”

“आठवडाभर बंदच आहे की,” काकू म्हणाल्या आणि भाकरीचा काठ उगीच मोडत राहिल्या. “बघतेय ना मी. फोडणी टाकायचं सुचत नाही. तेल तापून धूर येतो, तरी डाव हातात घेऊन उभी असते. माहीत असतं हो, घरातच आहात. तरीपण.”

अण्णांनी पुढचा घास घेतला, मोर छापाचा, आणि कडू औषध घ्यावं तसा गिळला. उठले, घोंगडी झटकली, खुंटीवरची टोपी घातली. क्षणभर थांबले. टोपी काढली आणि पेटीतून फोटोतला तो फेटा काढून काकूंपुढे धरला. काकूंनी तो बांधून दिला, तिथेच, सगळ्यांसमोर.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटांनी भोंग्याचा आकार केला.

बाजार ऐन भरात होता. त्याही गुरुवारी घोडं दारात अडून उभं होतंच. दस्तगीरनं पेंढ्या तिथेच उतरवल्या. पुढे दस्तगीर, मध्ये फेटा बांधलेले अण्णा, मागे मी. आणि माझ्या शेजारी, छत्री मांडीवर आडवी धरून, देशमाने गुरुजी. “मला स्वतःच्या कानांनी ऐकायचंय,” म्हणाले.

मी भोंगा तोंडाला लावला. आयुष्यात इतक्या जिवाच्या आकांतानं मी कधी ओरडलो नाही. “वरण असो वा आमटी! शेटे हिंग एक चिमटी! अण्णा शेटे आहेत हो! खुद्द आहेत!” भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. एकीनं कानशिलावर बोटं मोडली. कोणीतरी घोड्याला लवून नमस्कार केला, तो अण्णांसाठी होता. घोडं सगळ्या जुन्या जागांवर आपापलं थांबत होतं. वडाखाली, टॉकीजपाशी, सोसायटीच्या पायरीशी. आम्ही विसरलो होतो, ते विसरलं नव्हतं.

“डबी कोणत्या रंगाची?” गुरुजींनी मध्येच मला विचारलं. परीक्षा घ्यावी तसं.

“पिवळी!” मी भोंग्यातूनच सांगितलं.

“पिवळी, पिवळी,” ते पुटपुटले.

टांगा परत दुकानाशी आला तेव्हा मागे निम्मा बाजार होता. अण्णांनी हात पुढे केला. मी भोंगा दिला. सगळे गप्प झाले. अण्णांनी फेटा सावरला, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा घेतला श्वास. आणि मग, भोंग्यातून, अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं, आठवड्याचं सगळं साठलेलं काढून, अण्णा खाकरले.

सोनाराच्या ओट्यावरची मांजरं उडाली.

क्षणभर काहीच नाही. मग आतून, मधल्या दारापलीकडून, आवाज आला. चर्र.

अण्णांनी भोंगा खाली घेतला आणि तो माझ्या मांडीवर सरकवला. तो माझ्याकडेच राहायचा होता, पुढची कित्येक वर्षं. गुरुजींनी ते पाहिलं, छत्री घेऊन टांग्यातून खाली उतरले. दुःखाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, म्हणून दुपारी ते न बोलताच जाणार होते. आता वळून त्यांनी हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “येतो!” मग मला, “मार्गशीर्षाचं पक्कं. इंदूच्या आईला सांगतो.”

लोक अण्णांच्या पाया पडत होते. अण्णांचा आवाज थोडा सुटला होता. टांग्यात उभे राहून, फेट्याला हात लावून, ते घोगऱ्या स्वरात म्हणाले, “मंडळी! सूर्याला जाहिरात लागत नाही असं मी म्हणत होतो. पण सूर्यसुद्धा रोज…”

गर्दीतून वाट काढत पारूबाई टांग्याशी आल्या आणि त्यांनी अण्णांचं धोतर ओढलं.

“अण्णा, हायसा ते लई बेस झालं. तेवढं माझं पातेलं मोकळं करून द्या. दूध नासतंय घरी.”